इक़रा नाव ठेवलंत, आता वाचू द्या

माझ्या हजेरीपटावर दरवर्षी दोन-तीन तरी इक़रा असतात. अर्थ विचारला की पालक म्हणतात, "कुरआनातलं नाव आहे." शब्द कुरआनातला आहे, पण तिथे ते कुणाचं नाव नाही, क्रियापद आहे. इक़रा म्हणजे वाच, पठण कर. सन 610 मध्ये हिरा गुहेत उतरलेला पहिला शब्द हाच. आज तो 96व्या सूरहच्या, म्हणजे सूरह अलकच्या सुरुवातीला आहे. लगेच पुढे अल्लाहने कलमद्वारे शिकवलं, असा उल्लेख येतो.

काही जाणकार आक्षेप घेतात की हे रूप पुल्लिंगी आहे, मुलीला 'इक़रई' म्हणावं लागेल. व्याकरण म्हणून ते बरोबर आहे. माझी तक्रार वेगळी आहे. अकीक्याला थाटात 'वाच' म्हणायचं आणि दहावी झाली की त्याच मुलीला 'बस झालं, आता स्थळं बघू' म्हणायचं, हा कुठला न्याय? कॉलेज लांब आहे, जमाना खराब आहे, जास्त शिकली तर मुलगा मिळणार नाही! ही कारणं देणारे स्वतःला दीनदार म्हणवतात. इल्म मिळवणं प्रत्येक मुसलमानावर फर्ज आहे, ही हदीस त्यांना तोंडपाठ असते. त्यात मुलींना वगळलंय कुठे?

इक़रा नाव जरूर ठेवा. पण तिला किमान पदवीपर्यंत शिकवायचं, हेही त्याच दिवशी ठरवा. ते जमणार नसेल तर दुसरी नावं पुष्कळ आहेत.