लिलावातले घर : स्वस्ताईची खरी किंमत

दिवेलागणीनंतर मंडईत भाजीचे वाटे लागतात. वाट्याचा भाव सकाळच्या भावापेक्षा कमी असतो. अट एवढीच, की वाटा लावला आहे तसाच उचलायचा, निवडानिवड करायची नाही. मुरलेला पुणेकर ही अट मान्य करतो, पण पैसे देण्यापूर्वी वरच्या चार वांग्यांखाली काय दडले आहे ते पाहून घेतो. कर्ज थकल्यामुळे बँकांनी विक्रीस काढलेल्या घरांच्या जाहीर सूचनांत याच अटीची कायदेशीर आवृत्ती छापलेली असते : 'जशी आहे तशी, जिथे आहे तिथे'. भाजीचा वाटा फसला तर एका संध्याकाळचे कालवण बिघडते. घर फसले तर आयुष्याची पुंजी अडकते.

मध्य पुण्यात परवडणारे घर शोधणाऱ्या मध्यमवर्गीय कुटुंबाला या सूचनांचे आकर्षण वाटणे स्वाभाविक आहे. शुक्रवार, बुधवार आणि सदाशिव पेठेत मोकळी जमीन जवळपास उरलेलीच नाही. त्यात सप्टेंबर २०२४ मध्ये मंडईचे भुयारी मेट्रो स्थानक सुरू झाले आणि पेठेत राहण्याच्या बाजूने आणखी एक कारण जमा झाले. अशा वेळी बाजारभावापेक्षा कमी राखीव किंमत दिसली, की हिशेब मांडण्याआधीच मन होकार देऊन मोकळे होते. सावध राहायला हवे ते नेमके येथेच.

अमेरिकेतला मार्ग आणि आपला

थकीत कर्जाचे घर विकण्याचे दोन मार्ग जगभर दिसतात. २००७-०८ च्या गृहकर्ज संकटात अमेरिकेत 'शॉर्ट सेल' हा मार्ग फार चर्चेत आला. घराची किंमत कर्जापेक्षा खाली गेली, की मालकाने बँकेच्या संमतीने ग्राहक शोधायचा आणि येणाऱ्या कमी रकमेवर बँकेने घरावरील बोजा उतरवायचा. दुसरा मार्ग जप्तीचा आणि लिलावाचा. भारतात प्रामुख्याने दुसराच मार्ग रुळला आहे आणि त्याचा पाया म्हणजे २००२ चा सरफेसी कायदा. सहकारी बँकांनाही हा कायदा लागू असल्याचे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने मे २०२० मध्ये स्पष्ट केले. ते प्रकरण कोल्हापूर जिल्ह्यातील मुरगूडच्या एका सहकारी बँकेच्या वादातून उभे राहिले होते. सहकाराचे जाळे दाट असलेल्या महाराष्ट्रात या निकालाचे महत्त्व वेगळे सांगायला नको.

या कायद्याखाली बँक थकबाकीदाराला ६० दिवसांची नोटीस देते. रक्कम भरली गेली नाही, तर न्यायालयात दावा न लावता बँकेला तारण मालमत्तेचा ताबा घेता येतो. पुढे मान्यताप्राप्त मूल्यमापकाच्या अहवालावरून राखीव किंमत ठरते. जाहीर लिलावाची सूचना दोन वृत्तपत्रांत द्यावी लागते आणि त्यांपैकी एक स्थानिक भाषेतील असावे लागते. पहिल्या विक्रीपूर्वी ३० दिवसांची मुदत असते. ती विक्री फसली, तर पुढच्या खेपेस १५ दिवस पुरतात.

जमेची बाजू

या व्यवहाराचे फायदे खरे आहेत. पहिला लिलाव ग्राहकाविना गेला, की राखीव किंमत अनेकदा खाली आणली जाते. व्यवहार बँकेशी असल्याने सर्व रक्कम खात्यातून जाते. काही भाग रोखीने देण्याचा आग्रह धरणारा विक्रेता समोर नसतो. कर्ज देताना बँकेने मालकी हक्काची एकदा तरी तपासणी केलेली असते. पूर्ण रक्कम भरल्यावर अधिकृत अधिकारी विक्री प्रमाणपत्र देतो.

कायदाही आता खरेदीदाराच्या बाजूने थोडा अधिक स्थिर झाला आहे. पूर्वी विक्री पूर्ण होईपर्यंत थकबाकीदार पैसे भरून घर सोडवू शकत असे. २०१६ च्या दुरुस्तीने हा हक्क लिलावाची सूचना प्रसिद्ध होईपर्यंतच मर्यादित केला आणि सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले. लिलाव जिंकल्यावर मूळ मालकाने ऐनवेळी बाजी उलटवण्याची धास्ती त्यामुळे कमी झाली आहे. संपलेली मात्र नाही. लिलावात नियमभंग झाल्याचा आक्षेप घेऊन कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे जाण्याचा मार्ग मालकाला खुला असतो, आणि निकाल लागेपर्यंत खरेदीदाराचे पैसेही अडकून पडतात.

वाड्याच्या चौकातला प्रश्न

मंडईच्या परिसरात खरी गुंतागुंत आहे ती जुन्या वाड्यांची आणि वाड्यांच्या जागी उठलेल्या इमारतींची. येथे मालमत्ता पत्रकावर तीन पिढ्यांची नावे सापडतात. वाटण्या तोंडी झालेल्या असतात. एखाद्या खोलीत पागडीचा भाडेकरू चार दशके राहत असतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ चे संरक्षण असलेल्या भाडेकरूला सरफेसीचा आधार घेऊन बाहेर काढता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१६ मध्ये ठरवले. पुढे २०१९ मध्ये भाडेकराराचा पुरावा भक्कम असला पाहिजे, असेही त्याच न्यायालयाने बजावले. अर्थात खोटे भाडेकरू उभे करण्याला आळा बसेल. पण खऱ्या भाडेकरूसह घर घेणाऱ्याने ते घर आपल्याला राहायला मिळेल, अशी आशा धरू नये.

दुसरा कळीचा शब्द म्हणजे ताबा. सूचनेत 'प्रतीकात्मक ताबा' असे लिहिले असेल, तर दारावर नोटीस चिकटवली आहे आणि आत कुटुंब राहत आहे, असाच अर्थ बहुधा होतो. प्रत्यक्ष ताब्यासाठी बँकेला जिल्हाधिकारी किंवा न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा लागतो. कायद्याने त्या आदेशाला मुदत घालून दिली असली, तरी प्रत्यक्षात महिने जातात.

तिसरी बाब मागील देण्यांची. मिळकतकर मालमत्तेला चिकटलेला असतो. सोसायटीची थकबाकी भरल्याशिवाय हस्तांतर सुरळीत होत नाही. नव्या वीजजोडणीसाठी आधीच्या ग्राहकाची थकबाकी मागण्याची तरतूद सर्वोच्च न्यायालयाने मे २०२३ मध्ये वैध ठरवली. 'जशी आहे तशी' या अटीवर घेणाऱ्याने अशा देण्यांची चौकशी आधीच करणे अपेक्षित आहे.

हिशेबाची वही

केवळ उदाहरण म्हणून ६० लाखांना लिलावात मिळणारी, पण बाजारात ७२ लाख किंमत असलेली सदनिका घेऊ. बोलीपूर्वी साधारण १० टक्के, म्हणजे ६ लाख अनामत. बोली मंजूर होताच त्याच दिवशी किंवा पुढील कामकाजाच्या दिवशी आणखी ९ लाख, म्हणजे एकूण २५ टक्के. उरलेले ४५ लाख १५ दिवसांत. ही मुदत लेखी संमतीने वाढू शकते, पण तीन महिन्यांच्या पलीकडे नाही. गृहकर्ज वेळेत मंजूर झाले नाही, तर भरलेले १५ लाख जप्त होऊ शकतात, आणि अशी संपूर्ण जप्ती योग्य असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२४ मध्ये म्हटले आहे.

वरवर बचत १२ लाखांची. आता सोसायटी, वीज आणि मिळकतकराची देणी अडीच लाख, तोडफोड झालेल्या घराची दुरुस्ती ३ लाख, ताब्यासाठी वर्षभर थांबावे लागले तर राहत्या घराचे भाडे ३ लाख आणि त्या वर्षाचे कर्जावरील व्याज सुमारे ४ लाख धरले, तर बेरीज साडेबारा लाख होते. बचत संपली आणि मनस्ताप वर. हीच सदनिका प्रत्यक्ष ताब्यात असलेल्या बँकेकडून घेतली, तर भाडे आणि व्याजाचे ७ लाख वाचतात आणि साडेसहा लाखांचा निव्वळ लाभ उरतो. म्हणजे लिलावातला सौदा किमतीवर जितका, त्याहून अधिक ताब्यावर ठरतो.

दुसऱ्या बाजूचे कुटुंब

या व्यवहारात तिसरा पक्षही असतो आणि त्याचा विचार क्वचितच होतो. लिलावात घर गेले तरी थकबाकीदार सुटत नाही. विक्रीतून देणे फिटले नाही, तर उरलेली रक्कम बँक त्याच्याकडून वसूल करू शकते. म्हणून घर जितके कवडीमोलाने जाते, तितके त्याच्या डोक्यावरचे ओझे मोठे राहते. याउलट त्याने स्वतः, बँकेच्या लेखी संमतीने, ग्राहक आणला तर किंमत बरी येते, ताबा राजीखुशीने मिळतो आणि बँकेचाही वेळ वाचतो. सरफेसीच्या नियमांत खासगी वाटाघाटीने विक्रीची सोय आहे. रिझर्व्ह बँकेने जून २०२३ मध्ये तडजोडीच्या वसुलीसाठी चौकटही घालून दिली. मात्र एकरकमी तडजोड हा कर्जदाराचा हक्क नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्येच सांगितले आहे. सारे बँकेच्या मर्जीवर अवलंबून राहते, आणि निर्णयाची जबाबदारी घेण्यापेक्षा लिलाव पुकारणे अधिकाऱ्याला अधिक सुरक्षित वाटते. संमतीच्या विक्रीला ठरावीक मुदत आणि स्पष्ट निकष मिळाले, तर तिन्ही पक्षांचे नुकसान कमी होईल.

तोपर्यंत खरेदीदारापुढे पथ्य एकच : बोली लावण्यापूर्वी किमान ३० वर्षांचा मालकीशोध स्वतःच्या वकिलाकडून घ्यावा, मालमत्ता पत्रक आणि भोगवटा प्रमाणपत्र पाहावे, सोसायटीच्या सचिवाला भेटावे, न्यायाधिकरणात वाद आहे का ते तपासावे, स्वतःचे कर्ज आधी मंजूर करून घ्यावे आणि त्या घराचे दार एकदा तरी वाजवावे. दार कोण उघडते, यावर पुष्कळ काही ठरते. आत भाडेकरू असेल, म्हातारे आईवडील असतील किंवा नुसते कुलूप असेल. राखीव किंमत तीच असली, तरी या तिन्ही घरांचे मोल एक नसते.