लाल कोळी आला आहे. फवारणीआधी पान उलटून पाहा

वांगी, भेंडी, काकडी, गुलाब लावलेल्या शेतकरी बंधू-भगिनींनो,

ऊन तापलं, हवा कोरडी पडली की लाल कोळ्याचे दिवस सुरू होतात. पारा तिशीच्या वर गेला की अंड्यापासून पूर्ण वाढ व्हायला त्याला जेमतेम आठवडा लागतो, आणि एकेक मादी शंभराच्या आसपास अंडी घालते. म्हणून आजच प्लॉटमध्ये उतरा. रस्त्याकडची धुळकट झाडं आधी बघा. पानावर बारीक पांढुरके ठिपके दिसले तर ते पान पांढऱ्या कागदावर झटका. कागदावरचे कण चालू लागले, तर कोळीच. तो लालच असेल असं नाही, पिवळसर-हिरवाही असतो. जाळी दिसेपर्यंत थांबलात तर पीक गेलंच समजा.

आता कळकळीची विनंती. पानं पिवळी पडली म्हणून दुकानात जाऊन ‘काहीतरी जहाल द्या’ म्हणू नका. कोळी हा आठ पायांचा जीव, कीटक नव्हे. इमिडाक्लोप्रिडने तो मरत नाही. सायपरमेथ्रिनसारखी औषधं तर उलटी पडतात: कोळ्याला खाणारे भक्षक कोळी आणि बारके ढालकिडे त्यात मरतात आणि याला रान मोकळं मिळतं. पदरचे पैसे घालून आपणच कोळी वाढवतो. जुन्या सवयीने कुणी डायकोफॉल पुढे केलं तर घेऊ नका. 2023 मध्ये त्यावर देशात बंदी आली आहे.

सुरुवातच असेल तर ग्रस्त पानं खुडून खोल पुरा, पानांच्या खालून पाण्याचा जोरदार फवारा द्या, पिकाला पाण्याचा ताण पडू देऊ नका. तरीही कोळी वाढला, तर लेबलवर तुमच्या पिकाचं नाव असलेलंच कोळीनाशक घ्या आणि पुढच्या वेळी औषधाचा गट बदला. एकच औषध मारत राहिलं की ते पचवण्यात याचा हात कुणी धरणार नाही. गंधक फवारायचं तर भर उन्हात नको, पानं करपतात.

एकट्याने मात्र भागत नाही. कोळी धाग्याला लोंबकळून वाऱ्यावर शेजारच्या रानात जातो, मजुरांच्या कपड्यांवरूनही जातो. ग्रस्त प्लॉटमधलं काम दिवसात सगळ्यात शेवटी ठेवा. ‘असू दे, चार फळं येतील’ म्हणत राखलेली जुनी वांगी उपटून टाका. आणि याच आठवड्यात शेजाऱ्याला बांधावर बोलवा, दोघं मिळून दोन्ही रानांतली पानं तपासा.