आजीला तारण काय?

कर्ज मागायला आलेल्या माणसाकडे आम्ही बँकवाले संशयाने बघतो, हे कबूल. पण 'हा पैसे बुडवणारच' असं आम्ही कायद्यात लिहून ठेवलेलं नाही. अमेरिकेने ठेवलं आहे. त्यांच्या १९५२ च्या इमिग्रेशन कायद्यात २१४ (ब) नावाचं एक कलम आहे. (रत्नागिरीत कलम म्हटलं की हापूसचं, हे त्यातलं नव्हे, याला गोड काही लागत नाही.) पाहुणा म्हणून व्हिसा मागणारा प्रत्येकजण कायमचा मुक्काम ठोकायलाच निघालाय असं आधी धरून चालायचं, आणि तसं नाही हे त्याने सिद्ध करायचं!

म्हणजे सुनेच्या बाळंतपणाला डिंकाचे लाडू घेऊन निघालेली आमची आजी संशयित. अहो, गणपतीला घरी नसलं तर जिला अन्न गोड लागत नाही, ती न्यू जर्सीच्या बंद काचांमागे जन्मभर राहणार? तिला चिपळूणला बहिणीकडे चार दिवस ठेवून दाखवा!

पुरावा म्हणून मग बॅलन्सचा दाखला. तिकीट मुलगा काढणार, राहायचं त्याच्याकडे, तरी आजोबा माझ्या काउंटरवर हजर. आदल्या दिवशी पुतण्याचे दोन लाख खात्यात येतात, दाखल्यावर शिक्का बसतो, सोमवारी दोन लाख पुतण्याकडे. पैशांचा परत जाण्याचा हेतू तरी शंभर टक्के सिद्ध होतो! ज्याची शिल्लक जास्त तो हमखास परत येतो, हा शोध कुणाचा देव जाणे. मार्च २०१६ मध्ये विजय मल्ल्या गेले, जानेवारी २०१८ मध्ये नीरव मोदी गेले. बॅलन्स कमी पडला म्हणून त्यांना कुणी अडवल्याचं आमच्या ऐकिवात नाही.

अमेरिकेची व्हिसाची फी जून २०२३ मध्ये १८५ डॉलर झाली. नकार मिळाला तरी परत नाही. (प्रोसेसिंग फी आम्हीही घेतो, पण निदान खुर्ची देतो.) पूर्वी ऐंशीच्या घरातल्या माणसांना मुलाखत सहसा माफ असे, सप्टेंबर २०२५ पासून तीही सवलत गेली. आता ऐंशीच्या आजोबांनी रात्रभर प्रवास करून मुंबई गाठायची आणि काचेपलीकडच्या पोराला पटवायचं, की मला घरी जायचंय.

हे साहेबाला पूर्वी न सांगता कळत होतं. ब्रह्मदेशच्या थिबा राजाला इंग्रजांनी १८८६ मध्ये बायकामुलांसकट रत्नागिरीत आणून ठेवलं. १९१० मध्ये राजवाडा बांधून दिला, पण घरी जाऊ दिलं नाही. १९१६ मध्ये राजा इथेच वारला, आणि त्याच्या माणसांना परवानगी मिळाली ती १९१९ मध्ये. हा परत जाईल, या भीतीने तेव्हा पहारा. ही परत जाणार नाही, या भीतीने आता मुलाखत. परवानगी दोन्ही वेळा साहेबाच्याच खिशात.

देशात कुणाला घ्यावं हा ज्याचा त्याचा हक्क, मान्य. पण नकाराचं खरं कारण तरी लिहा की! शेजारच्या काकूंना गेल्या वर्षी एका देशाने (कुठल्या ते सांगत नाही, उगाच आंतरराष्ट्रीय भानगड नको) छापील चिठ्ठी दिली. दोन मिनिटांत मुलाखत संपली, फाईल उघडलीसुद्धा नाही. नातू आता पालथा पडतो, ते काकू फोनवर बघतात. डिंकाचे लाडू आम्ही शेजाऱ्यांनी संपवले. उत्तम झाले होते, पण तसं तोंडावर सांगवेना.