जास्तीचा बोजा कोणाच्या मानेवर?



सीतादही होते, वेचणीचा कापूस घरात येऊन पडतो आणि गावागावातून गाड्या बाजाराच्या रस्त्याला लागतात. पुढे ज्वारीची पोती आणि कडब्याच्या पेंढ्या निघतात. पिकअप असो, छोटा हत्ती असो की ट्रॅक्टरची ट्रॉली, गाडी रिकामी दिसली की आपला एकच प्रश्न: "अजून किती बसते?" किती पेलते, हे कोणी विचारत नाही. बसणे आणि पेलणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि त्यांच्यातला फरक रस्त्यावर माणसांच्या जिवाने भरून निघतो. म्हणून या अंकात भावाबद्दल नाही, बोजाबद्दल लिहायचे आहे. वाचून राग आला तरी चालेल, पण शेवटपर्यंत वाचा.

आकडा लपलेला नाही

गाडी किती पेलते हे गाडीवाला ठरवत नाही, मालवाला नाही आणि पोलीसही नाही. ते गाडीच्या आरसी बुकात छापलेले असते. त्यात दोन आकडे पाहायचे: रिकाम्या गाडीचे वजन आणि भरलेल्या गाडीचे जास्तीत जास्त वजन. पुष्कळ गाड्यांच्या अंगावरही ते रंगवलेले असतात. दुसऱ्यातून पहिला वजा केला की उरते ती गाडीची भरती. पण ती सगळी मालाची नव्हे. कायद्याच्या व्याख्येत रिकाम्या वजनात ड्रायव्हर धरलेला नाही. तुम्ही शेजारी बसता ते वजन, ताडपत्री, दोर, कापूस जास्त मावावा म्हणून वर जोडलेली लोखंडी जाळी, हे सगळे याच भरतीतून जाते.

समजा, आरसीत भरलेल्या गाडीचे वजन २,९५० किलो आहे आणि रिकाम्या गाडीचे १,५५० किलो. भरती झाली १,४०० किलो. ड्रायव्हर, तुम्ही आणि जाळी मिळून २०० किलो गेले. मालासाठी राहिले १२ क्विंटल. आता सांगा, अशा गाडीत आपण १२ क्विंटलवर थांबतो का? आपण २० भरतो आणि वर म्हणतो, "कापूस तर हलका माल!" कापूस जागा जास्त खातो म्हणून हलका वाटतो. काट्यावर त्याचा क्विंटल शंभर किलोचाच भरतो, लोखंडाचाही तेवढाच.

पिकअपची भरती मॉडेलप्रमाणे सव्वा टनापासून दोन टनांपर्यंत असते, छोट्या हत्तीची त्याहून बरीच कमी. म्हणून शेजाऱ्याच्या गाडीवरून आपला अंदाज बांधू नका. त्या गाडीचे, त्या नंबरचे बुक पाहा.

आणि हा हिशेब बरोबर आहे की नाही याचा पुरावा तुमच्या घरातच आहे. बाजार समितीच्या किंवा जिनिंगच्या काट्याची गेल्या हंगामातली पावती काढा. तिच्यावर भरलेल्या गाडीचे वजन, खाली गाडीचे वजन आणि निव्वळ माल असे तीन आकडे असतात. आपण फक्त तिसरा पाहतो, कारण पैसे त्याचे मिळतात. पहिला आकडा आरसीतल्या आकड्याशेजारी ठेवून पाहा. गाडी किती जड होती ते तिथेच कळेल.

पाटे वाढवले म्हणजे ताकद वाढली?

गाडीवाले सांगतात, "पाटे जास्तीचे टाकलेत, काही होत नाही." पाटे वाढवल्याने गाडी खाली बसत नाही एवढेच. ब्रेक तेच राहतात, अॅक्सल तोच, चासी तीच, टायर तेच. म्हणजे गाडी दबून जी सूचना देत होती ती फक्त बंद झाली. आजारी माणसाचा ताप मोजायचे यंत्र फोडण्यासारखे हे आहे.

टायरवरही मर्यादा लिहिलेली असते. मापाच्या पुढे जो आकडा येतो तो त्या टायरच्या वजनाचा निर्देशांक. १०० असेल तर तो टायर पूर्ण हवेवर ८०० किलो पेलतो, १०६ असेल तर ९५०. हवा कमी असेल तर तेवढेही नाही. एप्रिल-मेच्या उन्हात, तापलेल्या डांबरावर, जास्तीचा बोजा घेऊन टायर फुटतो तेव्हा आपण नशिबाला बोल लावतो. नशिबाचा इथे काही संबंध नाही.

ब्रेकचे पाहा. वर सांगितलेल्या गाडीत २० क्विंटल घातले तर तिचे एकूण वजन ३,७५० किलो होते, मर्यादेपेक्षा सव्वापटीहून जास्त. ब्रेकची ताकद तेवढीच. जी गाडी ३० मीटरवर थांबायची तिला ३८ मीटर लागतील. ते आठ मीटर म्हणजे शाळेतून घरी येणारे एखादे पोर. वेग चाळीसचा साठ केला तर थांबायचे अंतर सव्वादोन पट होते. बोजा आणि वेग दोन्ही वाढले तर अंतरे एकमेकांवर चढतात. त्यात अजिंठ्यासारखा घाट उतरायचा असेल, तर ब्रेक तापून धरेनासे होतात.

बैल बसायचा, इंजिन बसत नाही

आपल्या वाडवडिलांना हे शास्त्र शिकवावे लागले नाही. बंडी मागे जड झाली तर ती उलाळ होते आणि बैलाच्या मानेवरून जू वर उचलले जाते. पुढे जड झाली तर बैलाची मान मोडते. म्हणून भरताना माल आसावर बेताने बसवायचा आणि किंचित पुढे झुकता ठेवायचा, हे दहा वर्षांच्या पोरालाही कळत होते. बोजा न पेलणारा बैल रस्त्यात बसायचा. इंजिन बसत नाही, ते ओढत राहते. त्यामुळे बोजा जास्त झाला हे कळते तेव्हा गाडी नाल्यात असते.

बंडीचा तोच नियम दोनचाकी ट्रॉलीला लागू आहे. माल मागे गेला की ट्रॉली हुकाला वर उचलते, ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांची जमिनीवरची पकड जाते आणि ट्रॉली मागे झुलू लागते. माल फार पुढे आला की ट्रॅक्टरची पुढची चाके हलकी होतात आणि स्टेअरिंग ऐकत नाही. आपल्या बहुतेक ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नाहीत. उतारावर भरलेली ट्रॉली ट्रॅक्टरला ढकलत नेते. म्हणून चढायला जो गिअर लागेल त्याच गिअरमध्ये उतरा आणि डिझेल वाचवायला न्यूट्रल करू नका. शेतात वेगवेगळे वापरलेले दोन ब्रेक पेडल रस्त्यावर येण्याआधी एकत्र जोडा. एकाच चाकाला ब्रेक लागला तर ट्रॅक्टर जागेवर फिरतो.

पिकअपलाही हेच. जड पोती केबिनच्या बाजूने आणि मागच्या अॅक्सलच्या पुढे लावा. फाळका उघडून मागे लोंबता माल ठेवला की पुढची चाके हलकी होतात आणि गाडी वळणावर सरळ जाते.

आपला माल दोन जातीचा आहे. ज्वारी, सरकी, खत हा वजनाचा माल. तो गाडीत अर्ध्यावर दिसतो आणि मर्यादा ओलांडून गेलेला असतो. कापूस आणि कडबा हा उंचीचा माल. तो जितका वर चढेल तितकी गाडी वळणावर कलंडायला सोपी. शिवाय लोंबत्या विजेच्या तारा आपल्या गावांत कमी नाहीत. तारेची एक ठिणगी कापसाला किंवा कडब्याला पुरते.

ऐंशी रुपयांचा हिशेब

"दोन खेपा परवडत नाहीत" हे आपले उत्तर असते. ते खोटे नाही, म्हणून त्याचा हिशेबच करू.

समजा, खेपेचे भाडे २,४०० रुपये. १२ क्विंटल नेले तर क्विंटलला २०० रुपये पडतात, २० नेले तर १२०. बचत क्विंटलमागे ८० रुपये, पूर्ण खेपेत १,६०० रुपये. आता दुसरी बाजू. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ८,११० रुपये जाहीर झाला. सीसीआयच्या खरेदीत आठ टक्क्यांवरच्या प्रत्येक टक्का ओलाव्याला एक टक्का भाव कापला जातो आणि बारा टक्क्यांवर कापूस घेतच नाहीत. आठ हजार एकशे दहाचा एक टक्का म्हणजे ८१ रुपये. ओलावा मोजणारे यंत्र एका टक्क्याने चुकले, तर जिवावर उदार होऊन वाचवलेले ऐंशी रुपये तिथल्या तिथे गेले!

मग लढायचे कुठे? ओलाव्याच्या यंत्रावर, काट्यावर, खरेदी केंद्राच्या अंतरावर. केंद्र चाळीस किलोमीटरवर ठेवायचे, तिथे मोजणीत आणि कपातीत शेतकऱ्याला नाडायचे, आणि तो तोटा शेतकऱ्याने स्वतःच्या पोराला जास्तीच्या बोजावर बसवून भरून काढायचा, हा कुठला न्याय? जास्तीचा बोजा ही आपण व्यवस्थेला दिलेली सूट आहे. सूट द्यायची तर पैशाची द्या, मानेची देऊ नका.

दंड कशाचा?

२०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ खाली जास्तीच्या बोजाला २०,००० रुपये दंड आहे आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० रुपये. माल बाजूला, मागे किंवा उंचीला हद्दीबाहेर गेला तरी २०,००० रुपये. आपल्या हिशेबाने साडेबारा खेपांची बचत एका चौकात जाते.

पण सरकारलाही एक प्रश्न आहे. हाच कायदा म्हणतो की जास्तीचा माल उतरवल्याशिवाय गाडी पुढे जाऊ द्यायची नाही. २००५ साली परमजित भसीन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की पैसे घेऊन जास्तीच्या बोजाला परवानगी देता येत नाही. मग दंडाची पावती फाडून तीच गाडी त्याच बोजासह पुढे सोडली जाते, तेव्हा कोणाचा जीव वाचला? ती सुरक्षा नव्हे, ती वसुली. आम्ही म्हणतो, नियम लावा, पूर्ण लावा, आणि उतरवलेला माल राखायची सोयही करा.

मालावर माणसे नकोत

मे २०२४ मध्ये छत्तीसगडच्या कवर्धा भागात तेंदूपत्ता तोडून परतणाऱ्या मजुरांची पिकअप दरीत गेली, एकोणीस जण गेले. एप्रिल २०२५ मध्ये नांदेड जिल्ह्यात आलेगावला शेतमजूर बायांचा ट्रॅक्टर ट्रॉलीसह विहिरीत पडला, सात बाया गेल्या. या कोणी परक्या नव्हत्या. आपल्याच वावरात राबणारी माणसे होती.

विम्याचेही ऐका. मालवाहू गाडीत मालाचा मालक किंवा त्याचा प्रतिनिधी यांना कायद्याने संरक्षण आहे. पण फुकट बसवून नेलेल्या प्रवाशाची भरपाई विमा कंपनीवर येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली आशा राणी खटल्यात ठरवले. ती जबाबदारी गाडीमालकावर येते. मेलेल्या मजुराचे घर आणि गाडीमालकाचे घर, दोन्ही बसतात.

बैठकीत काय ठरवायचे

१. खेप म्हणजे आरसीतली भरती, त्याहून एक किलो जास्त नाही. आधी हे ठरवा, मग भाडे ठरवा. नुसत्या खेपेवर भाडे ठरले तर शेतकरी जास्त भरतो, नुसत्या क्विंटलवर ठरले तर गाडीवाला जास्त भरतो.

२. दोन-तीन शेजाऱ्यांनी मिळून गाडी सांगावी, म्हणजे अर्धी खेप कोणाच्या अंगावर पडणार नाही.

३. बाजार समितीने काट्याच्या पावतीवर आरसीतले भरलेल्या गाडीचे वजनही छापावे, अशी लेखी मागणी प्रत्येक तालुक्यातून द्यावी.

४. खरेदी केंद्रे जवळ आणा आणि ओलाव्याचे यंत्र शेतकऱ्यासमोर तपासा, ही मागणी त्याच निवेदनात असावी.

५. मालावर माणूस बसणार नाही. ट्रॉलीच्या मागे लाल चमकपट्टी असेल. रात्री रस्त्यात बंद पडलेली ट्रॉली दिव्याशिवाय उभी राहणार नाही.

पहिल्या, दुसऱ्या आणि पाचव्या ठरावाला सरकारची परवानगी लागत नाही. ते गावात परतल्या दिवशी अमलात आणता येतात. आणि ते आणले, तर तिसरी आणि चौथी मागणी करताना आपला आवाज जास्त खणखणीत लागेल.