बर्फाच्या रस्त्यावर आमचा तगादा

व्यापारी बांधवांनो, काश्मीरशी ज्यांचा कापडाचा व्यवहार आहे त्यांना डिसेंबर महिना कसा असतो हे सांगण्याची गरज नाही. श्रीनगरच्या पार्टीला फिरनचे अस्तर थंडी पडल्यावर आठवते आणि भिवंडीच्या गाळ्यावर फोन सुरू होतात: माल निघाला का, कुठे पोहोचला? आम्ही ट्रान्सपोर्टवाल्याला विचारतो, तो ड्रायव्हरला विचारतो. हा तगादा शेवटी ज्याच्या कानात जातो तो माणूस त्या वेळी बनिहालच्या उतारावर स्टिअरिंग धरून बसलेला असतो. त्या रस्त्यावर ज्या गाड्या घसरतात त्यांत माल पाठविणाऱ्याचाही हात असतो, असे आमचे मत आहे.

आमचे शिक्षण उर्दू शाळेत झाले. बर्फबारी हा शब्द आम्हाला शायरीत भेटला होता. बिल्टीच्या मागे उशिराचे कारण म्हणून तोच शब्द लिहून आला, तेव्हा मात्र आम्हाला तो बहाणा वाटला.

गोष्ट 2019 ची. अनंतनागकडचे एक ड्रायव्हर वाशीच्या मार्केटला सफरचंद उतरवून परतीच्या भाड्याला आमच्या गाठी घेऊन निघाले. फेब्रुवारीत बर्फ आणि दरडींमुळे जम्मू-श्रीनगर रस्ता कित्येक दिवस बंद राहिला. एका दुपारी तो उघडला, गाड्या सुटल्या, पण हे गृहस्थ बनिहालला थांबून राहिले. तेव्हा ट्रक एका दिवशी एकाच बाजूने सोडत असत, म्हणून एक रात्र थांबले आणि दोन दिवस गेले. पार्टीने आमच्या बिलातून पैसे कापले, आम्ही त्यांच्या भाड्यातून चार हजार कापले. हिशेब बरोबर झाला असे आम्हाला वाटले.

त्याच वर्षाच्या शरदात ते पुन्हा वाशीला आले. आम्ही माल देऊ केला तर म्हणाले, शेठजी, तुमचा माल नको. आम्ही त्यांना बसविले, चहा मागविला, तेव्हा त्यांनी सगळे सांगितले.

ताजा बर्फ दिसतो, त्याची भीती कमी. दुपारच्या उन्हात बर्फ वितळून पाणी रस्त्यावर पसरते आणि सूर्य डोंगराआड गेला की त्याची काच होते. वरून डांबर काळेच दिसते, ड्रायव्हरला रस्ता ओला आहे एवढेच वाटते. पुलावर, डोंगराच्या सावलीत, बोगद्याच्या तोंडाशी हे हमखास. कडक थंडीतल्या बर्फापेक्षा शून्याच्या आसपासचा बर्फ अधिक निसरडा, कारण त्याच्यावर पाण्याचा पातळ थर असतो. अशा रस्त्यावर गाडी थांबायला कोरड्या रस्त्याच्या दहापट अंतर लागू शकते. ब्रेक जोरात दाबला की चाके जाम होतात आणि मग स्टिअरिंग फिरवून काही उपयोग नाही. म्हणून उतार लागण्याआधीच खालचा गिअर टाकायचा, ब्रेक हळूहळू द्यायचा, पुढच्या गाडीपासून लांब राहायचे. लोखंडी साखळ्या चढ लागण्यापूर्वी इंजिनची ताकद ज्या चाकांना मिळते त्यांवर चढवायच्या. गाडी अडकल्यावर त्या चढविणे महाकठीण. साखळ्या लावून गाडी तिशीच्या वर नेता येत नाही. आता सांगा, आमच्या तारखेत हे कसे बसावे?

आणखी दोन-तीन गोष्टी आम्हाला त्या दिवशी प्रथमच कळल्या. एअर ब्रेकच्या टाकीत पाणी साचते, ते रोज काढले नाही तर नळीत गोठते आणि ब्रेकच लागत नाही. रात्री ओला हँडब्रेक ओढून ठेवला तर सकाळी तो चिकटून बसतो, म्हणून गाडी सपाट जागी गिअरमध्ये ठेवून चाकाखाली दगड लावतात. साधे डिझेल कडक थंडीत घट्ट होते (लडाखसाठी उणे 33 अंशांपर्यंत टिकणारे डिझेल 2019 च्या नोव्हेंबरात आले), आणि काही जण टाकीखाली चक्क जाळ करतात. सर्वांत वाईट म्हणजे काचा बंद करून केबिनमध्ये शेगडी किंवा कांगडी पेटवून झोपणे. तिच्या वायूला वास नसतो. झोपलेला माणूस झोपेतच जातो.

कोणी म्हणेल, आता बोगदे झाले. झाले खरे. 2017 च्या चेनानी-नाशरी बोगद्याने पटनीटॉपचा बर्फ टळला. 2021 पासून बनिहाल-काझीगुंडचा साडेआठ किलोमीटरचा बोगदा 1956 च्या जवाहर बोगद्यापेक्षा सुमारे चारशे मीटर खालून जातो. 2025 मध्ये रेल्वे काटऱ्याहून श्रीनगरला जोडली गेली आणि अनंतनागला मालगाडीही पोहोचली. पण रामबनच्या दरडी आहेत त्या आहेतच, आणि बोगद्याच्या पलीकडे काझीगुंडला बर्फ पडायचा तो पडतोच. शिवाय आमच्यासारख्यांच्या पाच-पन्नास गाठी अजून ट्रकनेच जातात.

आमची सूचना साधी आहे. चिल्ला-ए-कलान 21 डिसेंबरला लागतो आणि 30 जानेवारीपर्यंत चालतो. या चाळीस दिवसांत पोहोचेल असा माल शक्यतो भरूच नये. पार्टीकडून ऑर्डर सप्टेंबरात घ्यावी, नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत गाठी रवाना कराव्यात. त्यानंतर भरलाच तर बिल्टीवर स्पष्ट लिहावे की बर्फामुळे थांबल्यास दंड नाही. हॉल्टिंगचे पैसे निम्मे आम्ही, निम्मे पार्टीने द्यावेत. साखळ्या गाडीत आहेत की नाहीत हे गाठी चढविण्यापूर्वी पाहावे. आम्ही टायर पाहतो, ताडपत्री पाहतो, मग हेही पाहता येईल.

यात आमचे नुकसान नाही असे नाही. सप्टेंबरात माल बांधायचा तर पैसा दोन महिने आधी अडकतो, आणि भिवंडीत उधारीवर सूत घेणाऱ्याला दोन महिने म्हणजे काय ते आम्हाला ठाऊक आहे. काही पार्ट्या सुरतेच्या व्यापाऱ्याकडे जातील. आमची एक गेली.

चार हजार रुपये आम्ही त्याच दिवशी परत केले. त्यांनी ते मोजून घेतले, सलाम केला, आणि त्या खेपेस माल शेजारच्या गाळ्यातून भरला.