नारळाची अळी अन् ओढ्याची शिंदी

विहिरीजवळ माझी नारळाची दोन झाडं आहेत. आमच्या कळमनुरी भागात नारळ म्हणजे हौस, पीक नव्हे. गेल्या पावसाळ्यात काही पात्या दुमडलेल्या दिसल्या म्हणून एक तोडून दुकानात नेली. दुकानदारानं ती उलगडलीसुद्धा नाही. "अळी आहे काका, औषध मारा," म्हणाला अन् हात फळीवरच्या बाटलीकडं गेला. विषाला औषध म्हणायची आपली जुनीच खोड.

बाटली न घेता घरी आलो. पाती उलगडली. कडा धाग्यानं शिवल्यासारख्या, आत फिकट हिरवी, सुस्त अळी. नातवानं मोबाईलमध्ये नाव हुडकलं : पाम बॉब, शास्त्रातलं नाव सुआस्टस ग्रेमियस. फुलपाखरू बारकं, तपकिरी, मिटलेल्या पंखावर राखाडी रंगात काळे ठिपके. झपकन उडतं. ढोरं राखताना ओढ्यावर मी ते हजारदा पाहिलेलं! झावळी मोजली. दोनशेवर पात्या, त्यातल्या सात दुमडलेल्या. सात पात्यांसाठी विहिरीच्या तोंडाशी विष फवारायचं?

मी काही साधू नाही. सोयाबीनवर अळी पडली की फवारतो, तिथं पोटाचा प्रश्न असतो. पण अळी दिसली की बाटली, ही अक्कल कुणाची? राज्यानं २०१५ साली नीलवंताला राज्य फुलपाखरू केलं. चांगलं झालं. त्याची अळी लिंबाच्या कुळातली पानं खाते. ती लिंबावर दिसली तर हाच दुकानदार हीच बाटली देईल.

ही अळी ताड-माडाच्या जातीवर जगते. आमच्याकडं तिचं घर म्हणजे ओढ्याकाठची शिंदी. लहानपणी तिथं बन होतं, सुगरणीचे खोपे लोंबायचे. खोलीकरण आलं अन् तीन दिवसांत मशीननं दोन्ही काठ खरवडून काढले. आता त्या फुलपाखरानं अंडी घालायची कुठं? माझे दोन नारळ तेवढे उरलेत.

"पाणी पाहिजे का शिंदी?" असं मला चावडीवर विचारलं गेलं. अरे, तळ खोल करा ना, काठ खरवडायला कुणी सांगितलं? मुळ्या गेल्या. दुसऱ्याच पावसाळ्यात काठ ढासळला अन् उकरलेल्या ओढ्यात माझ्या वावरातली काळी माती जाऊन बसली. पाणीही गेलं, मातीही गेली. दिवाळीला लक्ष्मी म्हणून ज्या फड्याला हळदकुंकू लावता, तो शिंदीच्या पानाचा. गावात फडे बांधणारी म्हातारी आता आठवडी बाजारातून प्लास्टिकचे झाडू आणून विकते. तिला कुणी विचारलं होतं का?

औंदा काठावर शिंदीच्या बिया टाकल्यात. चार उगवल्या, त्यातली एक शेळीनं खाल्ली. मशीन पुन्हा येणार म्हणतात. आलं तर मी उरलेल्या तिघींपाशी उभा असेन. ज्याला बोलायचं असेल त्यानं तिथं येऊन बोलावं.