ओपन स्पेसचे कुलूप पंधरा दिवसांत काढा

बुलढाणा, चिखली, खामगाव, मलकापूर आणि शेगाव शहरांतल्या ज्या गृहनिर्माण संस्थांनी व कॉलनी समित्यांनी मुलांच्या खेळण्यावर बंदी घातली आहे, त्या सगळ्यांना आम्हा पालकांचा हा जाहीर इशारा आहे. आजपासून पंधरा दिवसांत बंदीचे फलक उतरवा, ओपन स्पेसच्या फाटकाचे कुलूप काढा आणि जप्त केलेले बॅट-चेंडू मुलांना परत द्या.

‘येथे खेळण्यास सक्त मनाई आहे. आढळल्यास पालकांकडून दंड वसूल केला जाईल.’ आमच्या कॉलनीत हा मजकूर भिंतीवर लाल रंगात रंगवला आहे. त्याखाली मुलांनी कोळशाने ओढलेल्या स्टंपच्या तीन रेघा होत्या, त्या चुना मारून पुसल्या. फाटकाच्या आत दोन चारचाकी, कुणाच्या तरी बांधकामाची उरलेली गिट्टी आणि मंडपाचे बांबू. मुली बाहेर डांबरी रस्त्यावर टिक्करबिल्ला आखतात आणि टिप्पर आला की चपला उचलून नालीच्या काठाला सरकतात. मुलांच्या चेंडूने गाडीची काच फुटेल म्हणून समितीने ठराव केला. टिप्परखाली मूल सापडले तर काय, याचा ठराव कुठल्या सभेत झाला?

४,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या जागेचे ले-आउट मंजूर होताना दहा टक्के जागा मनोरंजनासाठी मोकळी सोडावी लागते, तीच ही ओपन स्पेस. २०२० च्या एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीत हे स्पष्ट आहे. ती जागा पार्किंगसाठी नाही, गिट्टी टाकायला नाही आणि कुणा पदाधिकाऱ्याच्या मालकीची तर मुळीच नाही. संस्था नोंदणीकृत असेल, तर महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम १३ प्रमाणे पोटनियमातली दुरुस्ती निबंधकाकडे नोंदवल्याशिवाय वैधच ठरत नाही. चौघांनी रात्री व्हॉट्सॲपवर टाकलेली सूचना म्हणजे पोटनियम नव्हे. आपल्याकडच्या कित्येक कॉलन्यांत तर नोंदणीकृत संस्थाच नाही, गणपतीची वर्गणी गोळा करणारी मंडळीच समिती म्हणवतात. त्यांना दंडाचा अधिकार कोणी दिला?

आपल्या भागाचे ऊनही ध्यानात घ्या. उन्हाळ्यात मलकापूर-नांदुऱ्याकडे दुपारी माणूस घराबाहेर पडत नाही. विदर्भातल्या शाळाही त्यामुळे जूनच्या अखेरीस उघडतात. मुलांना खेळायला मिळतात ते संध्याकाळचे दोन-अडीच तास, आणि समितीची बंदी नेमकी संध्याकाळी पाच ते आठ! पाच ते सतरा वर्षांच्या मुलांनी दररोज सरासरी तासभर तरी दमछाक होईल असे खेळावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. तो तास त्यांनी कुठे काढायचा? सहा वर्षांचे पोर एकटे बुलढाण्यातल्या जिजामाता प्रेक्षागाराच्या मैदानापर्यंत जाऊ शकत नाही. मग ते मोबाइल घेऊन बसते आणि आपणच त्याला ओरडतो.

आजारी आणि वयस्क माणसांचा त्रास आम्हाला मान्य आहे. दुपारची वेळ शांत ठेवू, परीक्षेच्या दिवसांत मुलांना आवरू, काच फुटली तर भरून देऊ. हे लिहून द्यायला आम्ही तयार आहोत. पण मुलांचा आवाज हाच गुन्हा ठरवत असाल तर ते चालणार नाही. जर्मनीने २०११ साली कायदा बदलून मुलांच्या खेळण्याचा आवाज उपद्रव मानायचा नाही असे ठरवले. खेळणे हा मुलांचा हक्क आहे असे सांगणारा बालहक्कांचा आंतरराष्ट्रीय करार भारतानेही ११ डिसेंबर १९९२ रोजी स्वीकारला आहे. बुलढाण्याच्या प्रथमेश जवकारने २०२३ साली शांघायच्या विश्वचषक तिरंदाजीत सुवर्ण जिंकले, तेव्हा जिल्ह्याची मान उंचावली. पुढची पोरे घडवायची असतील तर आधी त्यांना अंगणात उतरू द्या.

पंधरा दिवसांत कुलूप निघाले नाही, तर सोळाव्या दिवशी माहितीच्या अधिकारात प्रत्येक कॉलनीचा मंजूर ले-आउट नकाशा मागवू. ओपन स्पेसवर शेड वा खोली उभी असेल, तर महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ५३ खाली ती हटवण्याची मागणी मुख्याधिकाऱ्यांकडे करू. नोंदणीकृत संस्थांची तक्रार सहाय्यक निबंधकांकडे जाईल आणि लोकशाही दिनात अर्जही पडेल. एवढ्यानेही हालचाल झाली नाही, तर पोलिसांना रीतसर कळवून आम्ही पालक मुलांना घेऊन नगरपालिकेच्या आवारात येऊ. तिथेच लगोरी मांडू, तिथेच स्टंप ठोकू, आणि जागा मोकळी झाल्याचे लेखी हाती पडेपर्यंत रोज संध्याकाळी पाच वाजता येत राहू.

दरम्यान एकाही पालकाने दंड भरू नये. कुणी पावती फाडलीच, तर ती जपून ठेवा, तक्रारीला जोडायची आहे.